सुलक्षणेचा शेवट

आमच्या दिंद्रुडच्या वाचनालयात मी पुस्तकं देते-घेते. छबुबाई झाडलोट करते, चहा ठेवते. वाचायला येतात ते सगळे बाप्ये. छबुबाईला अक्षर येत नाही, पण अकरा वर्षं कादंबरीतली सुलक्षणा तिच्या जिवाला लागून राहिली होती.

त्याचं असं, दर गुरुवारी राधाकिशन गुरुजी एक जुनी कादंबरी मोठ्यानं वाचतात. पुठ्ठा गेलाय, त्यासंगं नावही गेलंय. नवऱ्याच्या माराला कंटाळून सुलक्षणा तान्हं लेकरू घेऊन घर सोडते. मेल्या लेखकानं तिच्या केसांवर दोन पानं खर्ची घातलीत. ऐकायला बसलेले शिवशंकरअण्णा ती पानं पुन्हा वाचायला लावतात, अमरसिंह डोळे मिटून ऐकतात. छबुबाई दारातून विचारायची, "गुर्जी, पायात चप्पल व्हती का तिच्या? लेकरू काय प्यालं?"

"छबुबाई, हे साहित्य हाय!" गुरुजी खेकसायचे.

शेवटच्या प्रकरणाला गुरुजींना दरवेळी रडू फुटतं. पुस्तक मिटतात, चष्मा पुसतात, "काय बाई होती!" म्हणतात आन चहा मागतात. कादंबरी तीनदा झाली, पण शेवट काही छबुबाईच्या कानावर पडला नाही. मला विचारायची, तर मी म्हणायचे, "वाचायला शीक, मग कळंल." माझंही चुकलंच.

गेल्या महिन्यात तिची लेक अंजू सासरहून निघून आली, डावा हात प्लास्टरमधे. जावयानं निरोप धाडला, चार शहाण्यांपुढं बोलू. गावात शहाणे म्हणजे हेच तिघं, आन जागा वाचनालयाची. अंजूला परत धाडायचं का, एवढंच ठरवायचं होतं.

हाताला काय झालं, हे एकानंही विचारलं नाही. "पोरगी फटकळ दिसती," अण्णा म्हणाले. अमरसिंहांना तिची नजर लईच सरळ वाटली. जावई मिशीवरून हात फिरवत बसला होता. गुरुजींनी तर कादंबरीच उघडली.

"अंजू, ही बघ सुलक्षणा. रागात घर सोडलं, पण शेवटी आलीच ना नवऱ्याच्या दारात!"

चहाचा ट्रे घेऊन छबुबाई पुढं झाली. "आली? मंग काय झालं तिचं?"

"त्यानं दार उघडलं नाही. त्याच उंबऱ्यावर जीव सोडला तिनं." गुरुजींनी चष्मा पुसला. "पण तोंडातून तक्रारीचा एक शब्द नाही. काय बाई होती!"

छबुबाईनं ट्रे टेबलावर आदळला. चहा कादंबरीवर सांडला. पुसायला मी काही उठले नाही.

"आगं बया! अकरा वर्षं मी तिचा घोर करतीय, आन तुमाला ती मेली म्हून ग्वाड लागती व्हय?" तिनं अंजूचा धड हात धरून तिला उठवलं. "माझी न्हाई जायाची. फटकळ हाय, पर जित्ती हाय. ऱ्हाऊ द्या तुमाला नावडती!"