एकदा टाका पडला की उसवायचा न्हाई

आमच्या पेडगावात गोधडी शिवायला काय लागतं? जुनी लुगडी लागतात, सुई-दोरा लागतो आणि नर्मदाबाईला आत येऊ न देणारं दार लागतं. पहिल्या दोन गोष्टी कुणाच्याबी घरात मिळतात. तिसरी अजून कुणाला मिळाली न्हाई.

मी धुरपदा, तिची शेजारीण. आमच्या मधी एक भिंत हाय, ती बी बुटकी. मी अंगणात कापड अंथरलं रे अंथरलं की भिंतीवरून तिचं डोकं वर येतं. "धुरपदे, सुरकुती काढ. मधून बाहेर हात फिरव. आधी लांब लांब कच्चे टाके घाल, मंग बारीक. गाठ आतल्या अंगाला लपव." आता खोटं कशाला बोलू, सांगती ते बरोबरच असतंय. राग त्याचाच येतो. बरं, हिनं जन्मात किती गोधड्या शिवल्या? आधी सासूनं शिवल्या, मंग जावेनं शिवल्या, आता सून शिवती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

बचत गटाचा मोबाईलवर ग्रुप झाला आणि तिला भिंतीची गरजच उरली न्हाई. चहाला उकळी येण्याच्या आधी तिचा आवाज येतो. "बायांनो, गोधडीला नायलॉन लावू नका, घाम पीत न्हाई आणि सुईखाली सरकतंय. जीनची पँट आत घालू नका, धुतल्यावर उचलत न्हाई. मांडीवर घेऊन शिवू नका, भुईवर अंथरून शिवा. आणि ध्यानात ठेवा, एकदा टाका पडला की उसवायचा न्हाई. गोधडी उसवली की लेकराची झोप उसवती!"

हे शेवटचं तिनं कुठून आणलं देव जाणे. पण त्यापायी पलीकडच्या राणीनं वाकडी झालेली गोधडी तशीच ठेवली. तिच्या पोराचे पाय बाहेर राहतात, पण उसवायची हिंमत न्हाई.

आता हिची सून निकिता. चारठाण्याची लेक. तिची आई लग्नाच्या आदल्या वर्षी वारली, बापानं एकट्यानं लग्न लावून दिलं. आईचं एक हिरवं इरकल लुगडं तेवढं ती पेटीत घेऊन आली. धुवून धुवून इतकं मऊ झालेलं की गालाला लावावं वाटतं. पहिलं बाळंतपण जवळ आलं तसं नळावर ती मला म्हणली, "काकी, लेकराच्या गोधडीला वरून आईचं लुगडं लावणार हाय. तिनं नातवंड बघितलं न्हाई. निदान तिचं लुगडं तरी त्याच्या अंगावर राहील."

पण नर्मदाबाईच्या घरात नर्मदाबाईला विचारल्याशिवाय सुई उचलता येती का?

"वर सासरचं, आत माहेरचं," ती म्हणली. "आमच्यात असंच असतंय. लोक काय म्हणतील, सासूकडं एक लुगडं नव्हतं?" आणि पेटीतून काय काढलं? पोराच्या, परमेश्वरच्या लग्नात नेसलेली गुलाबी फुलाफुलाची साडी. नायलॉन!

निकिता हळूच म्हणली, "आत्याबाई, तुमीच सांगता नायलॉन नको म्हणून."

"ते लोकांच्या गोधडीला नको."

झालं. हिरवं लुगडं खालच्या धोतराच्या आणि वरच्या गुलाबी नायलॉनच्या मधी गेलं. त्याचा काठबी दिसंना. पोरीनं मान खाली घातली आणि कच्चे टाके घालायला बसली. माझा नुसता जळफळाट झाला, पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलावं?

निकिताला न्यायला तिचे वडील सितारामभाऊ यायचे त्या दिवशी मी सकाळीच तिच्याकडं गेले. पोरीची पिशवी दारात भरून ठेवलेली. गोधडीच्या कडा झाल्या होत्या, आतलं शिवायचं राहिलं होतं. आणि नर्मदाबाईला अचानक हौस आली. "आण इकडं. व्याह्यांना दिसू दे, सासूनं काय शिवलंय." गुडघे दुखतात म्हणून भुईवर न अंथरता गोधडी सरळ मांडीवर घेतली. नियम गावाला होते, तिच्या मांडीला नव्हते.

हातानं शिवायली आणि तोंडानं मला शिकवायली. "धुरपदे, बघ, सुई अशी आडवी धरायची. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. तुझे टाके म्हणजे नांगराची तासं असतात." डोळे माझ्याकडं, सुई आपली आपली चाललेली.

तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला. "हाय का कुणी घरात?"

"अगं बाई, व्याही!" नर्मदाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि उठली. तिच्याबरोबर गोधडी बी उठली. ती धपकन खाली बसली. खाली बघती तर अंगावरचं जांभळं पातळ मांडीपासून गुडघ्यापर्यंत गोधडीला शिवलेलं. आणि टाके कसे, तर अगदी तांदळाच्या दाण्याएवढे! जन्मात पहिल्यांदा बाईनं चांगले टाके घातले ते स्वतःच्या पातळाला.

"निकिते, काप गं! लवकर काप!"

निकितानं कात्री आणली, समोर बसली, आणि थांबली. "आत्याबाई, उसवायचं? लेकराची झोप उसवती म्हणता ना?"

"माय, चेष्टा करायलीस का? काप!"

"उसवायचीच हाय तर मंग पूर्ण उसवते. आईचं लुगडं वर घेते."

बाहेर सितारामभाऊ पुन्हा खाकरले. नर्मदाबाईनं दाराकडं बघितलं, कात्रीकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं बघितलं.

"घे," ती म्हणली. "काय घ्यायचं ते घे. पण आधी मला मोकळी कर."

"आधी वरचं," निकिता म्हणली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन पळत बाहेर गेले. "बसा भाऊ, आतमधी जरा शिवणकाम चाललंय." आणि आत येऊन मी बी ब्लेड घेतलं. खरं सांगते, गोधडी उसवण्यात इतकं सुख असतंय हे मला ठाऊक नव्हतं. गुलाबी नायलॉन सरसर निघालं. हिरवं लुगडं वर आलं, निकितानं त्यावर तळहात फिरवला आणि कडा धरून टाके घातले. वरून दोरा कापला तरी गुडघ्याजवळचे टाके तेवढे खालच्या धोतरात अडकून राहिले, पण नर्मदाबाईला दम निघंना. तिनं हिसका दिला. टर्रकन आवाज आला आणि जांभळ्या पातळाचा तुकडा गोधडीच्या खालच्या अंगालाच राहिला.

सितारामभाऊ आत आले ते गोधडी बघून जागीच थांबले. "हे तर तुझ्या आईचं," म्हणले, आणि खाली बसून नुसता काठ धरून राहिले. माणूस रडायला लागला.

फाटलेली बाजू भिंतीकडं करून उभी राहिलेली नर्मदाबाई काय म्हणली असंल? "मीच म्हणले भाऊ, आईचंच वर लाव. बिनआईची लेक हाय."

भाऊंनी हात जोडले. मी तोंड उघडलं, तर निकितानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून डाग हाय.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी ग्रुपवर आवाज. "बायांनो, लेकराच्या गोधडीवर माहेरचंच लुगडं लावायचं असतंय. मी पहिल्यापासून सांगायले." खाली बायांचे अंगठेच अंगठे. मी मोबाईल आपटणारच व्हते.

तेवढ्यात चारठाण्यावरून निकिताचा फोटो आला. गोधडीची मागची बाजू. पांढऱ्या धोतरावर तो जांभळा तुकडा, तिनं काढला नव्हता, चारी बाजूंनी दुमडून पक्का शिवला व्हता. खाली लिहिलं व्हतं, "आत्याबाई, तुमचं पातळ बी लागलं. आता उसवणार न्हाई. तुमीच सांगितलंय, एकदा टाका पडला की उसवायचा न्हाई."