रिपोर्टातले ‘आर’

वलगावात मी बिनडिग्रीचा डॉक्टर होतो. माझ्या डब्यातल्या उरल्यासुरल्या गोळ्यांनी आजारी म्हैससुद्धा उठून नाचायची! सातवा महिना लागलेल्या गरोदर लेकीला लघवीला जळजळ व्हायची, तेव्हा मीच दर वेळी दोन-दोन गोळ्या दिल्या. जळजळ परत यायचीच. शेवटी अमरावतीला लघवी तपासली, तर रिपोर्टात औषधांच्या नावांपुढे ‘आर’च ‘आर’.

मी छाती फुगवून म्हटलं, "पाहा डॉक्टरीणबाई, सगळे राइट!"

"काका, आर म्हणजे ते औषध या जंतूले मारत नाही. अर्धवट गोळ्या देऊन तुमीच त्याले पहिलवान केलं. बाळंतपणात हा जंतू बाळाले लागला, तर कोणतं औषध देऊ?"

एकाच औषधापुढे ‘एस’ होता, म्हणजे ते जंतूला मारणारं. त्याची इंजेक्शनं लागू पडली. नात जन्मली ती अशी रडली, की अकोल्यापर्यंत ऐकू गेलं. माझा दवाखाना तेव्हापासून बंद आहे.