आबांच्या एका शिवीसाठी

आमच्या आबांनी मला आयुष्यात कधी धड हाक मारली नाही. मुडद्या, बैला, बेण्या, तोंडाला येईल ते. राजवाड्याच्या बागेत जन्मभर माळीकाम केलेल्या या माणसाचं सगळं मऊ बोलणं झाडांसाठी राखलेलं होतं. गुलाबाला ते 'बाळा' म्हणायचे आणि मला, त्यांच्या एकुलत्या एका पोराला, मुडद्या. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आमच्याकडे शिव्या घरच्याच माणसाला घालतात, परक्याला चहा विचारतात.

गेल्या दिवाळीनंतर ते मला अहो-जाहो करू लागले. "बसा की. चहा घेतला न्हवं तुम्ही?" मी हसलो. बायकोला म्हटलं, म्हातारा चेष्टेवर आलाय. चेष्टा नव्हती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आठवणीतून जे गेलं ते परत येत नाही एवढं बोलले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी काही ऐकणारा नव्हे. एकदा तरी त्यांच्या तोंडून 'तू' ऐकायचं, एवढंच डोक्यात घेतलं आणि मुद्दाम चुका करायला लागलो. भर दुपारी बाराच्या उन्हात, ते बघत असताना, मोगऱ्याला पाणी घातलं. पूर्वी असं केलं असतं तर "झाडाला शिजवतोस व्हय रं?" म्हणत अंगावर आले असते. आता म्हणाले, "बरं केलंत. तान्हेलं असंल." मग स्वयंपाकघरातली कात्री घेऊन त्यांच्या लाडक्या गुलाबाची फांदी वाटेल तिथून चेचल्यासारखी कापली. त्यांनी ती हातात घेतली, निरखली आणि म्हणाले, "हात चांगला हाय तुमचा." त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून बादली भरत होतो.

अशातच राजवाड्याच्या बागेखालचं जुनं भुयार दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं केल्याचं कळलं. कोल्हापुरात कुठलंही भुयार असो, ते पन्हाळ्यालाच निघतं. हेही तसंच म्हणून आम्ही पोरं छाती फुगवून सांगायचो. त्या वेळी त्याच्या तोंडावर आबा शेणखताच्या पाट्या रचून ठेवत. नऊ वर्षांचा असताना त्या पाट्या बाजूला सारून मी काडेपेटी घेऊन आत गेलो होतो. आबांनी कान धरून बाहेर ओढलं आणि झाडांना पाणी घालायच्या रबरी नळीनं असं झोडपलं की आठवडाभर मला पाठ टेकता आली नाही. त्यांचा इतका राग मी पुन्हा कधी पाहिला नाही. म्हणून वाटलं, तो राग अजून तिथंच असेल. वेड्यासारखी आशा होती, मला कळत होतं. पण दुसरं काही शिल्लकही नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांना घेऊन गेलो. पायऱ्यांना आता लोखंडी कठडा आहे, भिंतीच्या तळाशी दिवे आहेत, दगडांच्या सांध्यांत नवा चुना भरलाय. माहिती सांगणाऱ्या बाई पुढं होत्या. राजघराण्यातल्या बायकांना उन्हात न येता वाड्यातून बागेतल्या हौदापर्यंत जाता यावं म्हणून हे बांधलं, असं त्या सांगत होत्या. म्हणजे पन्हाळा राहिला दूर, हे जेमतेम दोनशे पावलांत संपत होतं. आबा शेवटच्या पायरीवर थांबले. भिंतीला तळवा लावला, ओल नाकाशी नेऊन हुंगली. त्यांचा चेहरा बदलला.

आम्ही थोडं पुढं गेलो. मधेच डावीकडं एक फाटा आहे. तो अजून दुरुस्त झालेला नाही, त्याच्या तोंडावर दोरी बांधून पाटी लावली आहे. आबांच्या डोळ्यांदेखत मी ती दोरी ओलांडली आणि आत अंधारात जाऊन उभा राहिलो. गुडघा ठणकत होता. डोक्याला जाळं लागलं. बाईंचा आवाज आला, "अहो दादा, तिकडं जायचं नाही." मी हललो नाही. देवाला म्हटलं, एकदाच.

आणि आबा ओरडले.

"मुडद्या, भाईर ये! तुजा मुडदा बशिवला, कितींदा सांगिटलं तुला, आत जाऊ नगो म्हनून!"

सगळं भुयार दणाणलं. मी दगडांना ठेचकाळत, धडपडत बाहेर आलो. हसत होतो की रडत होतो, कोण जाणे. नळी असती तर मीच त्यांच्या हातात दिली असती. "आलो, आबा, आलो," म्हणत त्यांच्यासमोर उभा राहिलो.

ते माझ्या खांद्यावरून पलीकडं, अंधारात बघत होते. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"पावणं," ते म्हणाले, "तुमी आत्ताच आतनं आलासा न्हवं? माझं पोरगं दिसलं का वो? नऊ वर्साचं हाय. लई येळ झाला, भाईर ईना."

बाई तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या.

"एवढा उपकार करा," आबा म्हणाले. त्यांचा असा मवाळ आवाज मी फक्त झाडांशी बोलताना ऐकला होता. "मला बघून भ्यालं असंल त्ये. त्येला सांगा, आबा मारनार न्हाय."

"व्हय, बघतो," मी म्हणालो आणि दोरी ओलांडून परत आत गेलो. या खेपेला बाईंनीही अडवलं नाही. फाटा बुजलाय तिथपर्यंत, हातानं भिंत चाचपत, अगदी शेवटपर्यंत गेलो. मागून आबा हाका मारत होते, माझं नाव घेऊन. बाहेर जाऊन त्यांना काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.