कुरड्यांची चादर आणि स्वच्छ आकडे

माझं काम सांगायला गेलं की लोक जांभया देतात, म्हणून मी सांगणंच सोडलं होतं. सूर्याचा उजेड हवेतून खाली येतो. वाटेत धूळ, धूर, वाफ त्यातला किती गिळतात, किती भलतीकडे उधळतात, याचं गणित मी संगणकावर मांडते. मग उपग्रहाला वरून जे दिसलं ते त्याच्याशी ताडून बघायचं आणि हवेत काय होतं ते ओळखायचं. संस्था दूरच्या शहरात. मी इकडे सिंदी मेघे या गावात, वरच्या मजल्यावर भाड्याने, एकटी. दिवसभरात घरात आवाज करणारा दुसरा कोण, तर कुकर.

गच्चीवर माझी दोन यंत्रं आहेत. एक आभाळाकडे बघतं, दुसरं लोखंडी नळीला टांगलेलं, खाली स्लॅबकडे बघतं. जमीनही उजेड परत वर फेकते ना; तो धरला नाही तर सगळं गणित बोंबलतं. खरं तर ही यंत्रं समुद्रपूरकडे एखाद्या कापसाच्या शेतात हवीत. पण तिथे राखण कोण करणार? वानरांनी त्यांचं खेळणं केलं असतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी खालच्या यंत्राचे आकडे एकदम चढले. आता सिमेंट काय रातोरात पांढरं होतं? यंत्र बिघडलं असं समजून मी चडफडत वर गेले. तर घरमालकीण काकू आणि त्यांच्या दोघी जावा पांढऱ्याशुभ्र चादरीवर कुरड्या घालत बसलेल्या. आणि चादर कुठे, तर नेमकी माझ्या यंत्राखाली!

"या मॅडम," काकू म्हणाल्या, "चीक खाता काय? गरम हाये."

वाटीभर चीक, वरून कच्चं तेल. आमच्या गावी, रोहण्याला, आई असाच द्यायची. आई गेल्यापासून मला कुणी चीक दिला नव्हता. वाटी चाटूनपुसून सगळा खाल्ला.

"ह्या मशिनीत काय पाहून राह्यल्या तुमी?" काकूंनी विचारलं. मग काय, मी सुटलेच! उजेड, धूळ, धूर, सगळं सांगितलं. पांढरी चादर जास्त उजेड वर फेकते, म्हणून तुमच्या कुरड्या माझ्या आकड्यांत शिरल्या, हेही सांगितलं.

"अवं माय! आमच्या कुरड्या आभाळात गेल्या म्हना की!" तिघी पोट धरून हसल्या. मग काकू म्हणाल्या, "पोरी, साचा धर बरं जरा."

मॅडमची पोरी झाले. साचा फिरवून मनगट दुखलं. पुढचे काही दिवस मी रोज वर जायची. बिघडलेले आकडे बाजूला काढून ठेवायची, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

मग एका सकाळी संगणकावरचं गणित आणि यंत्राचं मोजमाप यांच्या रेघा तंतोतंत जुळल्या. एरवी मी नाचले असते. त्या दिवशी मात्र धावत वर गेले. स्लॅब मोकळा, वरून झाडून लख्ख केलेला. दोन घरं सोडून थोरल्या जावेच्या गच्चीवर सगळ्या बसल्या होत्या.

संध्याकाळी काकू जिन्यात भेटल्या. "तुमचं मोठं काम, मॅडम. आमच्यापायी काऊन बिघडावं?"

मी नाही नाही म्हणत राहिले, पण त्यांचं ठरलं होतं. मीच तर इतकं छान समजावलं होतं! आयुष्यात पहिल्यांदा माझं काम कुणाला कळलं, आणि कळलं म्हणून ती माणसं उठून गेली. फार एकटं वाटलं त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पलंगावरची पांढरी चादर यंत्राखाली अंथरली. टोकं उडत होती, त्यांवर विटा ठेवल्या. मग कठड्याशी उभी राहिले, दिसेन अशी.

काकूंनी जावेच्या गच्चीवरून पाहिलं. "मॅडम! चादर उचला नं! आकडे बिघडतीन तुमचे!"

"बिघडू द्या!" मी ओरडले. "तुम्ही या ना इकडे!"

"नाई नाई, तुमी करा आपलं काम निवांत." त्या हसल्या आणि पुन्हा साच्यावर वाकल्या.

मी विटा काढल्या, चादर गोळा केली. चादरीचा तेवढा वेळ गाळून त्या दिवसाचे आकडे संस्थेला पाठवले. लगेच उत्तर आलं: फारच स्वच्छ आहेत, असंच चालू ठेवा.