न झालेल्या लगनाची काडी

"कुंवारी कशाची? हिचं कुंकू तं माह्या पोराच्या हातानं लागलं आहे," मामा म्हणे, अन् माह्या हातातला चहाचा गंज सुटला. अर्धा चहा छपरीत, अर्धा माह्या पायावर. पाय भाजला ते मले मागून समजलं. कडेवर लेकरू होतं, त्याच्यावर सांडला नाई हेच नशीब. ते दचकून रडाले लागलं, अन् तलाठ्याचा पेन जिथल्या तिथी थांबला.

तलाठी आला होता माह्या लहान बहिणीच्या दाखल्यासाठी. तिचं लगन जमलं होतं नागपूरच्या पोराशी. पोरगा लंडनले, दवाखान्यातल्या मशिनी दुरुस्त करते. चांगला पोरगा, हुंडा नको म्हणे, काई नको म्हणे. हट्ट एकच. लगन करीन तं लुंबिनीत करीन, जिथी बुद्ध जन्मले तिथीच. त्याचे तिकडले गोरे दोस्तही येणार होते. आमच्या मोहल्ल्यातलं कोणी लय दूर गेलं असन तं नागपूरले दीक्षाभूमीवर. मायले तं वाटे लुंबिनी नागपूरच्या पुढचंच एखादं टेसन असन. नेपाळ म्हणजे दुसरा देश, हे तिले सांगतलं तवा ते म्हणे, "मग तिथी आपले पैसे चालतेत का वो? अन् भात भेटते का?"

भात भेटते, पण लगन काई असंच होत नाई. नवरदेवाच्या वडलानं आमच्या छपरीत बसून सारं समजावलं. भंतेजी लगन लावून देतीन, त्याची फिकर नाई. पण नेपाळच्या कचेरीचा कागद नसला तं लंडनवाले ते लगन मानत नाई, अन् पोरीले तिकडं येऊ देत नाई. त्या कचेरीले दोन गोष्टी पायजे. एक, नवरीनं लगनाच्या आधी तिथी जाऊन राहा लागते. दुसरं, आपल्या इथला सरकारी दाखला पायजे का ही पोरगी कुंवारी आहे, हिचं आधी कोणाशी लगन झालं नाई. दाखला तहसीलदार देते, पण तलाठ्यानं पाच पंच बसवून पंचनामा केल्यावर. अन् पंचात एक जवळचा नातेवाईक पायजे. बाबा नाई आमचे, खाणीतच गेले. म्हणून मामा. मायचा एकुलता एक भाऊ, बाबाच्या मागं घरात शब्द त्याचाच चाले.

गाडीचे तिकिटं निघाले होते. नवरदेवाची सुट्टी मंजूर झाली होती, ते टळली का मग पुढच्या साली, अन् पुढच्या सालाचं कोण पाह्यलं? दाखला त्याच हप्त्यात पायजे होता. एवढं सारं मामाच्या एका वाक्यावर येऊन अडकलं.

पण मामा बोलाच्या आधीही जे चाललं होतं, ते आठवलं का मले आत्ताही अंग धुवावंसं वाटते. ते पाच पंच खाटेवर बसले होते, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. पाणी प्याच्या माठाच्या बाजूले पिचकाऱ्या मारून राह्यले होते. बहीण दरवाज्यात उभी, मान खाली. एक बुढा तिले वरतून खालपर्यंत असा पाहे का जसा बैलबाजारात गोऱ्हा पाहून राह्यला. बस दात मोजाचे बाकी होते.

"घुग्घुसले शिलाईच्या क्लासले जाते म्हणे. एकटीच जाते?"

"एकटी नाई, मैत्रीण असते," माय म्हणे.

"मैत्रीण कोण? तिचं नाव काय? तिचं चालचलन कसं आहे?"

दुसरा म्हणे, "अन् लगनाच्या आधीच नवरदेवासंग तिकडं राहाले जाते म्हणे! मग लगनाची गरज काय, बारसंच करून वापस या!"

सारे हासले. खर्रा सांडेपर्यंत हासले. तलाठीही हासला, पेनाचं टोपण दातात धरून. म्या सांगतलं का तो तिथला कायदा आहे, अन् मी तिच्यासंग चालली लेकरू घेऊन, एकटी नाई धाडून राह्यलो. तं बुढा म्हणे, "तू कायले बोलते बाई? तू तं लगन झालेली. तुले कोणी विचारलं का?" बहिणीलेही कोणी विचारलं नाई. सारे तिच्याबद्दल बोलत होते, तिच्याशी कोणी नाई.

अन् मग मामा बोलला.

त्या कुंकवाची गोष्ट अशी. बहीण होती बाहुली खेळाच्या वयाची. एका पाहुण्याच्या लगनात लेकरं लगन-लगन खेळून राह्यले होते. मामाच्या पोरानं कुंकवाचा करंडा उचलला अन् हिच्या कपाळाले फासला, नाकावर सांडलं, डोयात गेलं, हे बोंबलत मायकडं आली. मामा तवा म्हणे, "झाली माही सून!" आमच्याकडं पोरीवर पह्यला हक्क मामाच्या घरचा, तं सारे हासले. संपलं. तो पोरगा मागं सरकारी कोळसा खाणीत लागला, त्याचं लगन झालं, त्याच्या लेकराच्या बारशाले आमीच पाळणा सजवला. मग आता काऊन?

मले समजत होतं काऊन. नवरीले मांडवात मामा आणते, हा त्याचा मान. अन् यावेळी मांडव गेला नेपाळले, अन् जाणाऱ्यात नवरदेवाच्या वडलानं मामाचं नाव धरलंच नाई. इकडं मामा चौकात सांगून बसला होता का मी फारेनले चाललो.

तलाठी म्हणे, "हरकत आली तं मले लिहा लागते. कुंवारी म्हणून मी लिहू शकत नाई."

माय रडाले लागली. तवा त्या बुढ्यानं तोड काढली. "यात रडाचं काय? काडीमोड करून टाका. पंच बसलेच आहेत."

आमच्या जुन्या रिवाजात नवरा-बायको वेगळे व्हायचे असले तं पंचासमोर काडी मोडत. मोडली का सुटले, दोघंही मोकळे. बुढ्याचं म्हणणं, पोराच्या बदल्यात मामानं एक टोक धरावं, बहिणीनं दुसरं, अन् कट् झालं का पोरगी मोकळी. साऱ्यायले लय पसंत पडलं. तलाठ्यानंही मान हालवली. मामा मोठ्या मनाचा झाला, उठला, अन् कोपऱ्यातल्या खराट्यातून एक काडी उपसली. त्याच खराट्यानं मी सकाळी कोंबड्यायची घाण लोटली होती. पुसलीही नाई, तशीच बहिणीच्या तोंडासमोर धरली.

"मोड ना बापा," माय तिले म्हणे. "एक काडीच तं आहे. मोड अन् जा आपल्या घरी."

बहिणीनं हात पुढं केला. मी सातवी शिकली, जास्त काई समजत नाई, पण कागदावर काय चढणार ते मले पह्यले पाहाचं होतं. म्या तलाठ्याले विचारलं, "साहेब, काडी मोडली का तुमी काय लिहान?"

"लिहीन, पंचासमक्ष सोडचिठ्ठी झाली."

"अन् मग कुंवारी लिहान ना?"

तो हासला. "कुंवारीची सोडचिठ्ठी कशी होईन बाई?"

असं सांगतलं त्यानं! जसं काई मले भाजीचा भाव सांगून राह्यला. त्याले माहीत होतं. काडी मोडली का तेच लगन झाल्याचा पुरावा, हे त्याले पह्यलेपासून माहीत होतं अन् तो मान हालवत बसला होता. म्या काडी हिसकली. लेकरू कडेवरून खाली घसरत होतं, त्याले एका हातानं वर ओढलं अन् काडी पाठीमागं लपवली.

"साहेब, लिहा मग," मी म्हणली. "लिहा का माह्या बहिणीचं लगन मामाच्या पोराशी झालं. मामानं सांगतलं तसं लिहा. अन् त्याच्याच खाली लिहा का त्या पोरानं मग दुसरी बायको केली. सरकारी खाणीत आहे तो, माहा नवराही त्याच खाणीत आहे. मागच्या उन्हाळ्यात एकाच्या दोन बायका निघाल्या, तं त्याले गेटच्या आत घेतला नाई. हा कागद खाणीत गेला तं काय होईन, ते मामाले विचारा."

कोणी हासलं नाई.

मामा म्हणे, "सख्ख्या मामेभावाच्या पोटावर पाय देते तू?"

"लगन तुमी लावलं मामा, म्या नाई लावलं."

"अवो, म्या तं गंमत केली! लेकरायचा खेळ होता थो."

"मग तेच सांगा साहेबाले."

सांगतलं त्यानं. खेळ होता म्हणून सांगतलं, तलाठ्यानं कुंवारी लिहिलं, अन् मामानं सही केली. मग उठला अन् आमच्या उंबरठ्यावर भरल्या तोंडाचा खर्रा थुकून चालला गेला. मायनं काय केलं? खाली बसली, अन् आपल्या भावाचा तो थुका पदरानं पुसला. फडकं बाजूलेच होतं. पदरानं पुसला. मले तिचा एवढा राग आला, एवढी किळस आली, का मी आत जाऊन भाजलेल्या पायावर पाणी ओतत बसली. ते काडी म्या खराट्यात वापस खोसली अन् सारे गेल्यावर त्याच खराट्यानं आंगण झाडलं.

लगन झालं. लुंबिनीले बहिणीले मांडवात म्याच आणलं, लेकरू कडेवर. कचेरीतल्या बाबूनं दाखला पाह्यला न पाह्यला, शिक्का हाणला. एवढ्यासाठी!

लुंबिनीले जातानी गाडीत बहिणीनं खिडकी लावली. मग म्हणे, "बाई, मामाच्या पोराची सरकारी नोकरी नसती तं?"

मले माहीत होतं ते काय म्हणते. तिच्या शब्दावर कोणी नाई ऐकलं, माह्याही नाई. पोराच्या नोकरीवर ऐकलं.

आता बहीण लंडनले आहे. अन् मामाच्या घरून मायले बोलावणं येत नाई. त्याच्या पोरीचं लगन झालं, बाजूच्याच गावात, बँडचा आवाज आमच्या आंगणापर्यंत आला. माय नवं लुगडं नेसून छपरीत बसली होती, कोणी शेवटच्या घडीले तरी बोलवाले येईन म्हणून. बँड थांबला तवा तिनं लुगडं सोडलं अन् मले म्हणे, "तुह्या तोंडानं माहा भाऊ गेला. एक काडी मोडू देली असती तं काय बिघडत होतं?"

तुमी सांगा. एका हातात लेकरू, एका हातात कोंबडीच्या घाणीची काडी, समोर पाच जण खर्रा चघळत, अन् माय म्हणून राह्यली मोड. तुमी असते तं काय केलं असतं?