पहिली ओळ

आमच्या धुळ्याच्या कॉलेजातल्या लॅबवाल्या नानांइतका कॉम्प्युटरवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही, आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कॉम्प्युटरच सांभाळले. ते प्राध्यापक नव्हते, लॅब सहायक होते. पण कुणाचा प्रोग्रॅम अडला की प्राध्यापकच हळूच म्हणत, "नानांना विचार." नाना मात्र लगेच उत्तर देत नसत. आधी हात धुऊन येत, रुमालाला पुसत, चष्मा लावत आणि पडद्यावरच्या एखाद्या फाइलवर बोट ठेवून विचारत, "हाई कोनं शे?" ती कुणाची, कुठून आली, कधी आली हे सांगता आलं नाही, तर सगळंच पुसायचं, पुढचं वाक्य ठरलेलं असे, "बठ्ठं पुसी टाक." नानांनी किती मुलांची किती कामं पुसायला लावली असतील याचा हिशेब नाही. एक मुलगी तर रडली होती. नानांनी तिला चहा पाजला, समजूत काढली आणि उरलेली एक फाइलही पुसून घेतली.

मी सावद्याहून आलेला. बाबा केळीच्या गाड्या भरायला जातात. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे कुणी काही विचारलं की मला आधी घाम फुटायचा. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट केळीच्या पानाचा फोटो बघून करपा रोग ओळखायचा होता. फोटो वाचण्याचं काम मी लिहिलेलं नव्हतं, ते दुसऱ्या लोकांनी लिहून ठेवलेल्या लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचे गठ्ठे, करणार होत्या. पण त्या मूळ रूपात आणून आपल्या मशीनला कळतील अशा बांधून घ्याव्या लागत, आणि बांधणारा तो कंपायलर. मी मित्राच्या लॅपटॉपवर बांधून आणल्या आणि लॅबमध्ये काहीच चालेना. नानांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. म्हणाले, "वरणबट्टीला आचारी बोलावला, तर तो आधी काय बघतो? चूल बघतो, भांडी बघतो. घरात असेलच म्हणून पीठ कालवायला बसत नाही. तू पीठ कालवून आलास, भो."

मग त्यांनी मला स्क्रिप्ट, म्हणजे मशीननं ओळीनं पाळायच्या आज्ञांची यादी, लिहायला बसवलं. मशीनला एकदा आज्ञा दिली की लायब्ररी आणणं, उघडणं, बांधणं, तपासणं, सगळं माणसाचा हात न लागता व्हायला हवं. "आपण मेलो तरी चाललं पाहिजे," असं ते अगदी आनंदानं म्हणत. दोनशे पानी वहीत ते प्रत्येक पायरी लिहीत, कोणता कंपायलर, कितवी आवृत्ती, कोणत्या फोल्डरात शोधायचं. माझ्या प्रोजेक्टसाठी त्यांनी नवा कंपायलर मशीनच्या एका कोपऱ्यातल्या फोल्डरात वेगळा बसवला, कारण जुना काढला असता तर पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल बंद पडली असती. आणि परीक्षेत तयार प्रोग्रॅम दाखवायचा नाही, परीक्षकांसमोर कोऱ्या फोल्डरपासून बांधून दाखवायचा, हा विभागाचा नियमही नानांनीच हट्टानं करून घेतला होता. सराव ते रोज घेत. "सर, मला सुरुवात करू दे," म्हणून स्वतः खुर्चीत बसत (विद्यार्थ्याला सर म्हणायची त्यांची पद्धत होती), कळफलकावर काहीतरी खडखड करत, पडदा स्वच्छ करत, मागच्या आज्ञांची यादीसुद्धा पुसत आणि उठून म्हणत, "हं, चालव." दर वेळी चालायचं.

नाना शुक्रवारी निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो झाले. शनिवारी ते शिंदखेड्याला गावी गेले आणि सोमवारी माझी परीक्षा होती. जळगावच्या एका कंपनीनं मला घ्यायचं कबूल केलं होतं, पण निकाल लागला तरच. परीक्षक बाहेरगावचे, शांत गृहस्थ. त्यांनी माझं फोल्डर रिकामं करवलं. मी आज्ञा दिली आणि पडदाभर लाल अक्षरं आली. स्क्रिप्ट जुना कंपायलर उचलत होती. नवा नानांनी कोणत्या कोपऱ्यात ठेवलाय हे मला माहीत नव्हतं. नानांनी लॅबमध्ये ठेवलेली वही चाळली, तिच्यातही नव्हतं. परीक्षक घड्याळ बघून म्हणाले, "अर्धा तास देतो. नाहीतर पुढच्या वर्षी या." मी व्हरांड्यात जाऊन नानांना फोन लावला.

"काय व्हयनं?"

"नाना, नवा कंपायलर सापडत नाही."

"शक्यच नाही. बठ्ठं लिहिलंय मी."

"नाना, सुरुवातीला तुम्ही खुर्चीत बसून काय टाइप करायचात?"

"काही नाही. नुसता बसायचो."

"नाही नाना. टाइप करायचात."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "थांब, बोटेसले इचारस." बोटांना विचारायचं म्हणजे काय ते कळायच्या आत फोनमध्ये पत्र्यावर बोटं आपटल्यासारखी टकटक ऐकू आली. मागून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा आवाज आला, "काय वाजाडी ऱ्हायनात ओ? जेवाले बसा." नाना ओरडले, "गप, परीक्षा चालू शे!" पुन्हा टकटक झाली. मग एकेक अक्षर सांगायला लागले आणि मी तळहातावर पेनानं लिहीत गेलो. नवा कंपायलर ज्या फोल्डरात होता त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'पाहुणा'. ते मला सात जन्मांत सुचलं नसतं.

"आता नुसतं टाइप करू नको," नाना म्हणाले. "स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत घाल. आणि बठ्ठं पुसी टाक. मग चालव."

"नाना, वेळ कमी आहे."

"पुस म्हटलं ना!"

पुसलं. चालवलं. लायब्ररी एकामागून एक बांधल्या जाऊ लागल्या, आणि वेळ संपायला थोडा अवकाश असताना पडद्यावर करपा लागलेलं केळीचं पान उमटलं. परीक्षक म्हणाले, "कुणी शिकवलं?" मी तळहात पाठीमागे लपवला आणि नानांचं नाव सांगितलं.

संध्याकाळी पुन्हा फोन केला, तेव्हा मला वाटलं नाना खूश असतील. ते हळू आवाजात म्हणाले, "एवढी वर्षं पोरांना सांगत आलो, हात लागायला नको. आणि माझाच हात लागत होता." मी म्हणालो, "नाना, तुमचा हात लागला म्हणून तर आमचं चाललं." ते हसले की नाही, कळलं नाही.

आता मी जळगावला तेच काम करतो. दुसऱ्यांच्या लायब्ररी कोऱ्या मशीनवर आपोआप बांधून घ्यायच्या. धुळ्याच्या लॅबमध्ये ती स्क्रिप्ट अजून वापरतात असं नव्या मुलांकडून कळतं. ती कधी अडत नाही, त्यामुळे कुणालाच नानांना काही विचारावं लागत नाही. कधीमधी मीच फोन करतो. नाना विचारतात, "चालू शे ना बठ्ठं?" मी म्हणतो, "चालू आहे, नाना." "काही अडलं नाही?" "नाही." "बरं शे मग," असं म्हणतात, पण फोन ठेवत नाहीत.