परक्या माणसासाठी काढलेला हेल

गेल्या मार्चमधला दुसरा शनिवार. श्रूजबरीजवळच्या फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शनाच्या दोन तासांचे अठराशे डॉलर ठरले होते. हजर आम्ही सहा जण: आई, वहिनी, तिच्या दोन मुली, माझी बायको आणि मी. समोर पेटीत माझा मोठा भाऊ.

तो गेल्यापासून आई रडली नव्हती. गाडीत वहिनी म्हणाली होती, "आई, शेजारच्या खोलीतही लोक असतात. आवाज नको."

पेटीपाशी गेल्यावर मात्र आईनं हेल काढला. "माझ्या राजा, मला सोडून तू आधी कसा रं निघालास..."

"काका, कॅन यू मेक हर स्टॉप?" धाकटी पुतणी कुजबुजली. वहिनीनं आईचा खांदा दाबला. आई तोंडात पदर कोंबून खाली बसली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतली गोरी म्हातारी दारात आली. मी माफी मागायला उठलो.

"थांबवू नका," ती म्हणाली. "याला कीनिंग म्हणतात. आयर्लंडमध्ये माझी आजी पैसे घेऊन रडायला जायची."

मी नंतर कोशात पाहिलं. आयर्लंडच्या गेलिक भाषेत 'कीन्यू' म्हणजे शोक करणं, रडणं. त्यावरून इंग्रजीत 'कीन'. धारदार या अर्थाचा 'कीन' वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. आपल्या 'विलापा'त 'लप्' आहे, म्हणजे बोलणं.

म्हातारी पुढे म्हणाली, "तिकडे माझा नवरा आहे. त्याच्यासाठी कुणी रडलेलं नाही. मलाही जमत नाही. यांना विचाराल?"

मी आईला सांगितलं.

"आई, नको हं," वहिनी म्हणाली.

आईनं डोळे पुसले. "काय करायचा हिचा मालक?"

मी म्हातारीला विचारून सांगितलं, "शाळेची बस चालवायचा."

"पोरंबाळं?"

"नाहीत."

"मग काहीच न बोलता कसं पाठवायचं त्याला?" आई उठली.

शेजारून तिचा आवाज येत राहिला. "लोकांची लेकरं घरी पोचवलीस रं बाबा, तुला पोचवायला कुणी न्हाई..." मग म्हातारीचाही आवाज आला.

परत येऊन आई भावासाठी रडली, पूर्ण आवाजात. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. वहिनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

निघताना म्हातारीनं आईच्या हातात वीस डॉलर ठेवले. आईनं घडी घालून ती नोट भावाच्या खिशात सरकवली.

अर्धा तास जास्त लागला होता. फ्युनरल होमला बावीसशे पन्नास दिले. वीस डॉलर भावाबरोबर गेले.